ताईंचा अनंत आणि नळाचं पाणी

पाणीकाकांच्या घरी फिल्टर नव्हता. इमारतीत बाकी सगळ्यांकडे होता. पण पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने घरी फिल्टर बसवायचा म्हणजे आचाऱ्याने घरी डबा मागवायचा, असं काकांचं म्हणणं. रोज सकाळी शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं, काका ते तपासायचे, खाली 'पिण्यास योग्य' असं लिहून सही ठोकायचे. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी कोणी नुसतं "तुमच्याकडचं पाणी जरा जड लागतं हो" म्हटलं की काकांचा चेहरा पडायचा. पाहुण्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवताना ते "जडपणा दोनशे चाळीस" असं सांगायचे, एखाद्याने मुलाचे मार्क सांगावेत तसं.

आणि त्याच पाण्यावर घरातलं एक झाड मरायला टेकलं होतं.

झाड अनंताचं. तेही घरचं नव्हे, सांभाळायला आलेलं. काकूंची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांच्या ताई, परदेशी मुलाकडे आठ महिन्यांसाठी गेल्या होत्या. जाताना त्यांनी कुंडी आणून दिली ती तान्हं मूल हातात द्यावं तशी.

"नऊ वर्षांचा आहे," ताई म्हणाल्या होत्या. "ह्याचं पिवळं पान मी आजवर पाहिलेलं नाही. तुझ्या हाताला गुण नाही हे मला ठाऊक आहे गं, पण म्हटलं शेजारणीपेक्षा पाठची बहीण बरी."

हाताला गुण नसल्याचा हा निकाल पन्नास वर्षांपूर्वीचा. दोघी शाळेत असताना ओल्या कापसावर वालाचे दाणे ठेवले होते. ताईंच्या दाण्याला मोड आला, काकूंचा कुजला. तेव्हापासून घरात कुठेही काही वाळलं, सुकलं, गळलं की आधी काकूंकडे बघायची रीत पडली. काकूंनी स्वतःही ते मान्य करून टाकलं होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी सोडून काही लागलं नव्हतं. म्हणून तर हा अनंत जगवून, फुलवून, ताईंच्या हातात परत द्यायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. एकदाच. मग पुन्हा कधी कोणाचं झाड हातात धरणार नव्हत्या.

सहा महिने झाले, आणि अनंत पिवळा पडला. जुनी पानं कशीबशी हिरवी होती. नवं येणारं प्रत्येक पान मात्र फिक्कट पिवळं. त्यावर हिरव्या शिरांचं जाळं तेवढं स्पष्ट दिसायचं, एखाद्या नकाशावर फक्त नद्या काढाव्यात तसं.

ताई दर रविवारी व्हिडिओ कॉल करायच्या. काकू फोन असा धरायच्या की खालची दोन हिरवी पानंच दिसावीत.

"मागे घे जरा. अख्खं झाड दिसू दे."

"अगं, ऊन येतंय मागून."

"मग दुसऱ्या बाजूने दाखव."

"तिकडे ह्यांचे कपडे वाळताहेत."

"कपडे बाजूला कर की!"

"ताई? ताई, ऐकू येतंय का? आवाज तुटतोय गं तुझा," असं म्हणून काकू फोन बंद करायच्या आणि वेताच्या मोड्यावर बसून राहायच्या. ताई परत यायला दोन महिने उरले होते.

"अहो, पाण्यातच काहीतरी आहे," त्या एका सकाळी म्हणाल्या.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाण्यात?"

"झाडाला आपण दुसरं देतो काय? माती ताईची, कुंडी ताईची. पाणी तेवढं आपलं."

काका उठले, कपाटातून टीडीएस मीटर काढला. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेले क्षार किती ते आकड्यात सांगतं. नळाखालच्या भांड्यात ते बुडवून त्यांनी आकडा काकूंच्या डोळ्यांपुढे धरला. "चारशे दहा. मर्यादेत आहे. सामू सात पूर्णांक आठ, तोही मर्यादेत. पाण्यात दोष नाही. झाडात असेल."

"किंवा माझ्या हातात," काकू म्हणाल्या आणि कप विसळायला निघून गेल्या.

हे वाक्य काकांना दिवसभर टोचलं. संध्याकाळी ते अनंताचं एक पिवळं पान पाकिटात घालून कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाला बादलीवर बसून रोपांच्या पिशव्या भरत होता. त्याने पान उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "पाणी कसलं घालता?"

"नळाचं. चारशे दहा टीडीएस. उत्तम पाणी आहे."

"चारशे दहा काय काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या चारशे दहात आहे काय? मीठ आहे, चुना आहे, काय आहे?"

 हा प्रश्न काका एकतीस वर्षं दर नव्या भरती झालेल्या मदतनीसाला विचारत आले होते. 'दाराबाहेरच्या चपला मोजून आत कोण बसलंय ते कळत नाही,' असं ते टीडीएस मीटरबद्दल स्वतः सांगायचे. आणि आज ते स्वतःच चपला मोजून आले होते.

"चुना," ते म्हणाले. "बराचसा चुनाच. बायकार्बोनेट."

"मग झालं तर. साहेब, तुमचं पाणी माणसाला चांगलं आहे, मी पण तेच पितो. पण अनंताला आंबट माती लागते. तुम्ही त्याला रोज थोडा थोडा चुना पाजताय. मातीत लोह भरपूर असेल, पण चुनखडीच्या मातीत ते मुळांना उचलता येत नाही. ताट समोर आणि तोंड शिवलेलं, अशी गत."

काकांना ह्यातलं प्रत्येक अक्षर माहीत होतं. किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्यांनी शेकडो गृहिणींना समजावून सांगितला होता. कुंडी म्हणजे एक सावकाश तापणारी किटलीच, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या मर्यादा पिणाऱ्याच्या होत्या, आणि पिणारा म्हणजे माणूस असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

आता हे काकूंना सांगायचं म्हणजे सकाळचे शब्द सायंकाळी गिळायचे. काकांनी सोयीचा मार्ग काढला: आधी झाड बरं करायचं, मग सावकाश सांगायचं. त्यांनी सायट्रिक अॅसिडची, म्हणजे लिंबाच्या सताची, पुडी आणली. दहा ग्रॅम मोजून अर्धा लिटर पाण्यात विरघळवलं, बाटली चपलांच्या कपाटात बुटांमागे ठेवली. खोकल्याच्या औषधाचं झाकण दहा मिलिलिटरचं असतं. ते एक झाकण एक लिटर पाण्याला पुरे. पाण्यातलं बहुतेक बायकार्बोनेट त्याने मरतं. काकू आंघोळीला गेल्या की काका ते पाणी कुंडीला घालत आणि खालच्या बशीत झिरपलेलं पाणी तपासून वहीत सामू, म्हणजे पीएच, लिहीत; आम्ल चढलं की हा आकडा उतरतो. आंघोळीला अठरा मिनिटं लागतात, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

वर घालायचं पाणी सहा सामूचं. बशीत उतरायचं ते सात पूर्णांक नऊ.

पहिला आठवडा काकांनी दम धरला; मुरलेला चुना आहे, निघायला वेळ लागणारच. दुसऱ्या आठवड्यातही सात पूर्णांक नऊ. तिसऱ्यात आठ. काकांना आता काळजीऐवजी एक वेगळंच भरतं येऊ लागलं. आम्ल घालावं आणि पाण्याने ते पचवून ढेकरही देऊ नये! असं चिवट पाणी जगात कुठे असेल? त्यांनी वहीत 'विलक्षण' असा शेरा मारला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि जुन्या कचेरीला पाठवायला एका टिपणाचा मसुदाही सुरू केला.

त्या दिवसांत घरात आणखी एक विलक्षण गोष्ट चालू होती. काकू रोज सकाळी अंडी करत होत्या. ऑम्लेट, उकडलेली, भुर्जी. "खा, अंगी लागतील," म्हणत होत्या. छत्तीस वर्षांत असे लाड झाले नव्हते. काकांनी कारण विचारलं नाही. चांगलं चाललेलं काही तपासायला घेऊ नये, हा संसारातला त्यांचा एकमेव अशास्त्रीय नियम होता.

तिसऱ्या रविवारी कुंडीवर वाकलेले असताना त्यांचा हात हलला आणि बाटलीतलं अजून पातळ न केलेलं अॅसिड मातीवर सांडलं.

माती फसफसली.

काका गुडघ्यांवर बसले. आणखी दोन थेंब टाकले. पुन्हा फेस. बोटाने वरची माती उकरली तर खाली पांढरी पूड, रवाळ, अधूनमधून पातळ चपटे तुकडे. एका तुकड्याला आतून पापुद्रा होता.

"अगं!" काका ओरडले. "बाहेर ये!"

"अंगावर पाणी घेतलंय मी!"

"तशीच ये!"

काकू डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या. त्यांनी काकांच्या हातातली बाटली पाहिली, काकांनी बोटावरची पूड त्यांच्यापुढे धरली. दोघंही चोरी करताना एकमेकांना सापडली होती.

"अंड्याची टरफलं," काका म्हणाले.

"हे काय घालताय तुम्ही त्याला? जळेल ना ते!"

"मी विचारतोय आधी. किती घातलीस?"

"रोज चमचाभर. मिक्सरमधून काढून. माझी हाडं ठिसूळ झाली तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियमच दिलं होतं ना? म्हटलं ह्यालाही अशक्तपणाच असेल. आणि तुम्ही तर म्हणालात पाण्यात दोष नाही. म्हणजे माझ्यातच. मग मीच काहीतरी करायला नको?"

काका मनातल्या मनात हिशेब करत होते. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम. "तुला कळतंय का," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तेहतीस लिटर पाण्यात मी जेवढा चुना मारतो, तेवढा तू एका चमच्यात परत आणून घालतेस. रोज."

"मग सांगायचं नाही का तुम्ही काही घालताय ते?"

"तू सांगितलंस?"

"मी कशी सांगणार? तुम्ही पाण्यासाठी भांडायला उठता!"

 काकांनी नर्सरीवाल्याचं सगळं बोलणं सांगितलं, अगदी 'चारशे दहा काय काय' ह्या प्रश्नासकट. सांगताना ते कुंडीकडे बघत होते. "पाण्यातच होतं," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या हातात काही नव्हतं."

काकूंनी टॉवेल सोडला, केस झटकले.  मग म्हणाल्या, "पण मग ताईकडे कसा जगला? तिच्याकडेही तुमचंच पाणी येतं. त्याच टाकीचं."

काकांनी बाटली खाली ठेवली.

"नऊ वर्षं जगला," काकू म्हणाल्या. "म्हणजे शेवटी हातगुणच ना?"

ताईंच्या घराची किल्ली काकूंकडेच होती. आठवड्यातून एकदा त्या खिडक्या उघडायला जायच्या. त्याच दुपारी दोघं गेली. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी काकांनी भांड्यात धरलं. चारशे बारा. काकूंचा चेहरा उतरला. काका बाल्कनीत गेले. फरशीवर कुंडीचा गोल डाग अजून स्पष्ट होता. ते त्या डागावर उभे राहिले, झाड होऊन बघावं तसं चहूकडे बघितलं, मग वर. डोक्याच्या बरोबर वर, भिंतीतून एसीची पांढरी नळी बाहेर आली होती.

"एसी लाव," ते म्हणाले.

"कशाला? घाम आलाय का?"

"लाव तर."

डागावर पातेलं ठेवून दोघं रिकाम्या घरात सोफ्यावर बसून राहिली. अर्ध्या तासाने पातेल्यात तीन बोटं पाणी होतं. काकांनी मीटर बुडवला आणि काकूंच्या हातात दिला.

"बारा?" काकू म्हणाल्या. "चारशे बारातले चारशे गेले कुठे?"

"आलेच नाहीत. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी आहे हे. त्यात चुना येणार कुठून? ताई वरून नळाचं पाणी घालायच्या आणि हे दिवसभर टपटप पडून सगळं धुऊन काढायचं."

काकूंनी पातेल्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि अचानक हसायला लागल्या. हसता हसता त्यांना सोफ्यावर बसावं लागलं. "हातगुण!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नऊ वर्षं! एसीचा हातगुण!"

"मी ताईंना सविस्तर लिहून देतो. आकड्यांसकट."

काकूंचं हसू थांबलं. "तुम्ही ताईला एक अक्षर बोलायचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. मला झाड जगवून दाखवायचंय. तिला खाली बघायला लावायचं नाहीये."

पुढचे पाच आठवडे एकच उपचार झाला. वरची चुनखडी झालेली माती खरवडून काढली. नर्सरीवाल्याने चिलेटेड लोह दिलं. चुन्याच्या मातीतही मुळांना घेता येतं, असं बांधून दिलेलं लोह. अॅसिडचं झाकण आता काकू मोजायच्या, आणि काकांनी अंदाजानेच 'भरलं' म्हटलं तर "रेघेपर्यंत आलेलं नाही," म्हणून त्यांनाच सुनवायच्या. बशीतला सामू उतरला. सात पूर्णांक दोन, सहा पूर्णांक आठ, सहा पूर्णांक तीन. अंडी बंद झाली, ह्याबद्दल काकांनी दोनदा हळूच चौकशी केली. चौथ्या आठवड्यात शेंड्याला चार पानं आली, गडद हिरवी, तेल लावल्यासारखी. पाचव्यात एक कळी धरली. पिवळी पानं बरीचशी पिवळीच राहिली. ती पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, असं काकांनी आधीच सांगितलं होतं.

ताई आल्या त्या प्रवासाचा शीण न काढताच आल्या. दारातून सरळ गॅलरीत. चष्मा लावून झाडाभोवती फिरल्या. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"ही पानं पिवळी झाली होती," ताई म्हणाल्या.

"हो," काकू म्हणाल्या.

"म्हणून फोन मागे घेत नव्हतीस."

"हो."

ताईंनी वरची पानं बोटांत धरली, कळी निरखली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण बघ कसं असतं! माझं तिकीट निघालं आणि ह्याने नवी पानं काढली. ओळखतात हो झाडं. मालकिणीची चाहूल लागली त्याला!"

काकांच्या घशातून किटलीसारखा आवाज आला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं तसा त्यांनी तो परत आत घेतला. त्यांनी शब्द दिला होता. ते दातावर दात ठेवून दोरीवरचे चिमटे मोजू लागले.

आणि मग काकूच फुटल्या.

"चाहूल नाही, ताई. लिंबाच्या सताने काढलीत ती पानं. एका लिटरला दहा मिलिलिटर, पाच आठवडे, रोज सकाळी मी मोजून घातलंय. आपल्या पाण्यात चुना आहे, त्याने त्याला लोह मिळत नव्हतं. आणि तुझ्याकडे तो जगला, कारण तुझ्या एसीचं पाणी त्याच्या कुंडीत पडत होतं. आम्ही जाऊन मोजून आलोय. बारा आहे ते, बारा!"

बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. काका चिमट्यांवरून नजर काढायला तयार नव्हते. आता पन्नास वर्षांचं काहीतरी फुटणार, असं त्यांना वाटलं.

ताई मोड्यावर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"एसीचं," त्या म्हणाल्या.

"हो गं."

"म्हणून थंडीत..." ताई थांबल्या.

"थंडीत काय?"

"थंडीत मी एसी बंद ठेवते." ताईंचा आवाज खाली आला. "दर वर्षी थंडीत तो पिवळा पडायचा. दर वर्षी. मला वाटायचं, आता गेला, आता गेला. तीन-चार महिने मी कोणाला बाल्कनीत फिरकू द्यायची नाही. तुला तर घरी बोलवायचीच नाही. तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

"मला वाटायचं, तुला सांधेदुखीमुळे माणसं नको असतात."

"कसली सांधेदुखी! पिवळी पानं खुडत बसायची मी. म्हटलं, हिला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "एवढी वर्षं तुला बोलले, आणि आता गेला तर काय करू, ह्या धाकाने झोप लागायची नाही मला."

काकू त्यांच्या शेजारी, जमिनीवरच बसल्या. "मग ठेव इथेच," त्या म्हणाल्या. "मी बघते त्याचं."

"अजिबात नाही, माझा आहे तो," ताई लगेच म्हणाल्या. मग कळीकडे बघत, "थंडीपुरता आणून ठेवत जाईन. तोवर मला नीट सांग. लिंबाचं सत किती म्हणालीस?"

"आधी दहा ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये. मग त्यातलं दहा मिलिलिटर—"

"तत्त्वतः बघायला गेलं तर," काका पुढे सरसावले. इतका वेळ बंद ठेवलेलं सगळं एकदम वर आलं होतं, "ही मात्रा पाण्यातल्या बायकार्बोनेटवर अवलंबून असते, आणि ते दर महिन्याला बदलू शकतं, तेव्हा आधी आपण—"

"तुम्ही थांबा हो जरा!" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

काका थांबले. काकूंनी खोकल्याच्या औषधाचं झाकण ताईंच्या हातात दिलं आणि त्यावरची रेघ बोटाने दाखवली. ताईंनी ते उजेडाकडे तिरकं धरलं.

"सरळ धर," काकू म्हणाल्या. "तिरकं धरलं की जास्त जातं."

ताईंनी ते सरळ धरलं.